कृपेची तीस दिवसांची नोटीस

(बेळगावातील एका व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'ख्रिस्ती श्रद्धा: माणसाची निवड की देवाची करणी?' हे भांडण पाचव्या शतकापासून चाललंय. आपला सीमाप्रश्न त्यापुढे कालचं पोर. पाऊण तासात ते मिटवायची जबाबदारी संयोजकांनी माझ्यावर टाकलीय!

आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. खानापूरकडे एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी नाव-आडनाव विचारलं, मी सांगितलं. त्यांचा जिलबीचा हात पानावरच थांबला. "अस्सं? कधी झालात?"

म्हटलं, "जन्मलो तेव्हाच."

"तसं नव्हे हो, मूळचे कोण?"

"मूळचे इथलेच."

मग आवाज खाली आणून, मठ्ठ्याचा पेला माझ्याकडे सरकवत, "आणि मिळालं काय?"

"आत्ता तरी मठ्ठा मिळाला," म्हटलं.

हसताय, पण असले गृहस्थ प्रत्येक पंगतीत भेटतात. श्रद्धा म्हटली की व्यवहार झालेला असणार, त्याला तारीख असणार आणि भाव ठरलेला असणार, हे ते धरूनच चालतात. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तान्हा होतो. डोक्यावर पाणी पडताच भोकाड पसरलं, असं आई सांगायची. त्याला निवड म्हणायचं तर मी विरोधी मत नोंदवलं होतं!

बरं, ही समजूत पंगतीपुरतीच नाही. आपल्या इथल्याच सुवर्णसौधात २३ डिसेंबर २०२१ ला कर्नाटकाच्या विधानसभेने धर्मांतरावर बंधनं घालणारं विधेयक मंजूर केलं. २०२२ च्या कायद्यानुसार धर्म बदलायचा तर ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लिहून द्यायचं. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. त्या राजकारणात मी शिरत नाही, तुम्ही पेपर वाचता. मला आठवतो तो पौल, पुढे ज्याची पत्रं बायबलात आली तो. ख्रिस्ती लोकांना बांधून आणायला तो दमास्कसला निघाला आणि वाटेतच कोसळला. तीन दिवस डोळ्यांना दिसेना, आणि मग स्वतःच ख्रिस्ती झाला. त्याने अर्ज कधी भरायचा? ३० दिवस आधी तर स्वारी फिर्यादी होती!

पण आपल्याच गावचे बाबा पदमनजी घ्या. जन्म इथला, १८३१ चा, जात कासार. त्यांना रस्त्यात कुणी पाडलं नाही. मिशनच्या शाळा, जातिभेद मोडू बघणारी मुंबईतली परमहंस सभा, पुस्तकं, वाद, घरच्यांची धास्ती, अशी वर्षं गेली. बाप्तिस्मा झाला १८५४ ला, बेळगावातच. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. बाहेरून बघणारा म्हणेल, माणसाने विचार करून ठरवलं. त्यांना विचारलं असतं तर मात्र, माझी खात्री आहे, श्रेय त्यांनी देवालाच दिलं असतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. आणि मूळ विषय अजून पेटीतच आहे!

तर पळत सांगतो. पाचव्या शतकातले दोन ख्रिस्ती विचारवंत. पेलागियस म्हणाला, माणूस ठरवील तर चांगलं वागू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, ठरवण्याची इच्छासुद्धा देवाच्या कृपेनेच होते. ४१८ ला कार्थेजला भरलेल्या धर्मसभेने पेलागियसला नाकारलं. ५२९ ला ऑरेंजच्या सभेने ठरवलं की श्रद्धेची सुरुवातही कृपेचीच. पुढे १५२४ ला विद्वान इरॅस्मस माणसाच्या इच्छेच्या बाजूने लिहितो आणि १५२५ ला धर्मसुधारक लूथर त्याला झोडपतो. १६१८-१९ ला डॉर्टच्या सभेत कृपा माणसाला नाकारता येते म्हणणारी आर्मिनियसची माणसं हरतात. आपल्याकडे रामानुजांच्या अनुयायांत हाच तंटा: माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू आईच तोंडात धरून नेते.

माझं म्हणणं एवढंच की सुरुवात देवाची, पण होकार माणसाचा, आणि तो खरा होकार. नकार देता येत नसेल तर होकाराला काय किंमत? पौल फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात एका दमात दोन्ही सांगतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं ही दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. तो 'कारण' मला फार महत्त्वाचा वाटतो. देव काम करतोय म्हणून तुम्ही स्वस्थ बसा, असं पौल म्हणत नाही. देव करतोय, म्हणूनच तुम्ही कामाला लागा, म्हणतो. कुणाचं तारण व्हायचं ते देवच ठरवतो म्हणणारे कॅल्व्हिनचे लोक यावर मला सोडणार नाहीत. ते दुसऱ्या रांगेत बसलेत, मघापासून हात वर आहे. माईक तिकडे द्या.