काकांचा फोन बोलतो

नमस्कार श्रोतेहो. आज कागद आणि पेन हाताशी ठेवा. बोलण्याच्या शेवटी काही ठिकाणं सांगणार आहे, आणि ती दोनदा सांगणार आहे.

विषय आहे दिव्यांग माणसाला रोज उपयोगी पडणाऱ्या साधनांचा. कानाचं मशीन, कुबड्या, चाकाची खुर्ची, कृत्रिम पाय, बोलणारा फोन. अशी साधनं असतात हे आपण सगळे ऐकून असतो. आपल्या माणसाला त्यातलं काय लागेल, ते कुठे मिळेल आणि वापरायला कोण शिकवेल, इथे घरं अडतात. आमचंही घर अडलं होतं. म्हणून आधी माझ्या काकांची गोष्ट.

काका ठाण्यात, कोपरीला राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. लोखंडाच्या तुकड्यावर अंगठा फिरवून अजून किती घासायचं राहिलंय ते सांगणारा माणूस. काही वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांचा फोन अचानक बोलायला लागला. बोट ठेवावं तिथलं नाव मोठ्याने वाचायचा, पण उघडायचा काही नाही. वर सरकवायला जावं तर हलायचा नाही. चुलतभावाने बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. काकू म्हणाली, पाणी गेलं असेल. शेवटी स्टेशनजवळच्या गल्लीत मोबाइलच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने अर्ध्या मिनिटात काहीतरी केलं, दीडशे रुपये घेतले आणि फोन गप्प झाला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तो रविवार आम्ही विसरूनही गेलो.

पुढच्या वर्षी काका जिन्यात पडले. मग बाजूने येणारी रिक्षा दिसेना. तपासलं तर काचबिंदू, तोही पुढे गेलेला. हा आजार फार चोरपावलांनी येतो हो. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजरेच्या कडा आधी जातात, समोरचं दिसत राहतं, त्यामुळे पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर हे टाळूच नका. काकांचं ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. आता उजव्या डोळ्याने काही नाही, डाव्याने उजेड-अंधार कळतो तेवढंच.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. पुढे जगायचं कसं, ते कुणी लिहून दिलं नाही. काका खिडकीशी बसून राहायचे. फोन कपाटावर गेला. कुणाचा आला तर काकू कानाला लावून द्यायची, आणि समोरचा माणूस काकूलाच विचारायचा, "कसे आहेत ते?" पुण्याच्या भाच्याने समोरचं वाचून सांगणाऱ्या कॅमेऱ्याच्या चष्म्याची किंमत कळवली. ती ऐकून काका म्हणाले, "एवढ्यात नातीचं एक वर्षाचं कॉलेज होईल."

अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावर मी त्यांना घेऊन वरळीला निघाले. तिथे नॅबमध्ये, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये, चौकशी करायची होती. ठाणे स्टेशनवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे टीं टीं असा आवाज येत राहतो. इतकी वर्षं तो आवाज माझ्या कानावर पडत होता. तो कशासाठी असतो, हे त्या दिवशी काकांचा हात धरून उभी राहिले तेव्हा कळलं.

धीमी गाडी मिळाली. समोर एक तरुण बसला होता, मांडीवर घडी घातलेली पांढरी काठी. त्याच्या हातातला फोन बोलत होता, इतका भराभर की मला एक शब्द लागेना. मुलुंड गेलं आणि काका एकदम ताठ बसले. म्हणाले, "अगं, माझा फोन असाच बोलायला लागला होता!"

तो मुलगा हसला. "काका, फोन आणलाय का? द्या बघू." फोन माझ्या पर्समध्ये होता. त्याने आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि तीन सेकंद धरून ठेवली. फोन बोलला, "टॉकबॅक ऑन."

टॉकबॅक म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधलीच सोय. श्रोतेहो, जे शोधायला आम्ही वरळीला निघालो होतो, ते फोन विकत घेतला त्या दिवसापासून घरात होतं. आणि ते बंद करायला आम्ही दीडशे रुपये मोजले होते.

भांडुप येईपर्यंत त्याने काकांना पहिला धडा दिला. एकदा बोट लावलं की फोन नाव सांगणार. उघडायचं असेल तर दोनदा टकटक. पुढे जायचं तर एक बोट उजवीकडे, मागे यायचं तर डावीकडे. पान सरकवायचं तर दोन बोटं. काकांची बोटं कानशीने राठ झालेली, काच त्यांना दादच देईना. तो म्हणाला, "ओल्या रुमालाला बोट पुसा." लागलीच जमायला लागलं. आवाजाची गतीही त्याने कमी करून दिली. "आत्ता हळू ठेवा. महिन्याभरात तुम्हीच वाढवाल." दादरला आम्ही उतरलो तेव्हा काकांनी स्वतः हात लावून ऐरोलीला मुलीला फोन लावला होता.

वरळीला गेलोच. घडीची पांढरी काठी घेतली, ती कशी फिरवायची ते विचारून घेतलं. पण खरा अभ्यास घरी झाला, तीन आठवडे. रोज दोन खुणा, जास्त नाही. भाषा मराठी करून घेतली. एक गोष्ट मात्र आम्हाला भांडून शिकावी लागली. घरातलं कुणी काही बघायला फोन घ्यायचं, बोलणं बंद करायचं आणि तसाच परत ठेवायचं. काकांच्या हातात मुका फोन. आता नियम आहे, काकांच्या फोनला हात लावला तर तो बोलता करूनच परत द्यायचा. तुमच्या घरीही हा नियम करा. फोन बोलता करूनच परत द्यायचा.

आणि इथे मनातलं एक बोलून घेते. मराठी देवनागरीत लिहा हो! इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी हा फोन असं काही वाचतो की काकांना त्यातलं अक्षर कळत नाही. नातवंडांचे निरोप तसेच जातात. पाणी उद्या दहा ते चार बंद, ही सोसायटीची सूचना हाताने लिहून, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. फोटोतलं हस्ताक्षर फोनने धड वाचावं, असा भरवसा नाही. सेक्रेटरींनी तीच ओळ टाइप केली तर काका सकाळीच बादल्या भरून ठेवतील. आमच्या सेक्रेटरींना मी हे सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं.

आता ठिकाणं. कागद घ्या.

सगळ्यात आधी यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पूर्वी सातच होते. तेव्हा "आमचं त्यात बसत नाही" असं घरी बसून ठरवू नका.

दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची ॲडिप योजना १९८१ पासून आहे. दाखला ४० टक्के किंवा जास्तीचा लागतो, उत्पन्नाची मर्यादाही आहे. कानपूरच्या ॲलिम्को कंपनीची साधनं तिच्या शिबिरांतून मिळतात. पण एकदा साधन घेतलं की त्याच कामासाठी पुन्हा तीन वर्षं मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. म्हणून चाकाची खुर्ची घेण्याआधी घरातला सगळ्यात अरुंद दरवाजा मोजा. तो बहुधा संडासचा असतो. आधी दरवाजा मोजा, मग खुर्ची घ्या.

ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था. हात-पाय, कॅलिपर, कृत्रिम अवयव यांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था, ती १९५५ पासून आहे. दृष्टीसाठी वरळीला नॅब. नवी मुंबईकरांसाठी वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र. महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. समाजविकास विभागात जाऊन त्यातून कोणत्या योजना चालू आहेत ते विचारा. तो आपला हक्क आहे.

पुन्हा सांगते. कान, वांद्रे. हात-पाय, हाजी अली. डोळे, वरळी. नवी मुंबई, वाशीचं ईटीसी.

कॉम्प्युटर बोलता करायचा असेल तर एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो केला, आणि तो फुकट मिळतो. फोनसाठी काहीच घ्यायचं नाही. आवाजाची दोन्ही बटणं, तीन सेकंद. तेवढ्याने झालं नाही तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, तिथे टॉकबॅक सापडेल. आयफोनमध्ये त्याचं नाव व्हॉइसओव्हर.

काका, आत्ता ऐकताय हे मला माहीत आहे. मी संध्याकाळी येते. रिझर्व्ह बँकेचं ते मणी नावाचं ॲप, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगणारं, आज घालून देते. नेट लागत नाही त्याला. शंभराची आणि पाचशेची, दोन्ही नोटा काढून ठेवा.