जीपचा क्लच आणि विसरलेला दांडा

(दृश्य: देवगडजवळचं गॅरेज. पत्र्याची शेड, बाहेर आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची चळत.)

मे संपत आला की देवगडकडच्या गॅरेजांत गर्दी होते. हापूस उरकलेला असतो, मृग तोंडावर असतो. हंगामभर बागेतून पेट्या ओढून दमलेल्या जीपा एकेक करून शेडखाली येतात. ही त्यांतलीच एक, महिंद्राची जुनी एमएम ५४०. मालक एवढंच म्हणाले, "मेस्त्री, गाडी ओढणा नाय."

मेस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. हँडब्रेक खेचला, तिसरा गिअर टाकला आणि थोडी रेस देत क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन गचका देऊन बंद पडलं असतं. हे गुरगुरतच राहिलं, आणि खालून करपट वास आला.

(दृश्य: मेस्त्रींच्या हातात जुनी क्लच प्लेट.)

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, आणि त्यावर दाबून बसणारी प्रेशर प्लेट यांच्या चिमटीत धरलेली ही चकती. इंजिनाचा जोर हिच्यातूनच गिअरबॉक्सकडे जातो. दोन्ही अंगांना लायनिंग, म्हणजे पकड देणारा थर. पेडल पूर्ण सोडलं की चकती घट्ट धरली जाते, तेव्हा ती घासत नाही. पूर्ण दाबलं की मोकळी होते, तेव्हाही फारशी घासत नाही. खाते ती मधली अवस्था, म्हणजे हाफ क्लच. आणि बागेची वाट असते हाफ क्लचचीच. कातळ, दगडगोटे, मध्येच घसरडा चढ, मागे भरलेल्या पेट्या. पहिल्या गिअरातही गाडी त्या वाटेला झेपणार नाही एवढी धावते, म्हणून चालक डाव्या पायाने वेग मारत राहतो.

खरं तर यासाठीच गाडीत दुसरा, छोटा दांडा दिलेला आहे. तो 'लो'मध्ये टाकला की चारही चाकं ओढायला लागतात, जीपचा वेग आणखी सुमारे अडीच पट खाली येतो आणि चाकांवरचा जोर तेवढाच वाढतो. मग क्लच पूर्ण सोडून, रेसही न देता गाडी रांगत चढते. पण चारही चाकं लावली की डिझेल पिते, असा समज आहे आणि दांडा हंगामभर धूळ खातो. समज अगदीच खोटा नाही. तरीही बागेतल्या फर्लांग-दोन फर्लांगांच्या वाटेवर जादा जळणाऱ्या डिझेलचा आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचा हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडावा. डांबरावर मात्र हा दांडा नको. पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडला जातो आणि कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण शाफ्ट-गिअरांवर येतो. मातीत, पुळणीवर चाकं जराशी घसरतात आणि तो ताण सुटतो.

(दृश्य: गाडीखाली घोडे लावले जात आहेत.)

गाडी लोखंडी घोड्यांवर चढली. आपल्याकडे हाताशी जांभ्याचे चिरे असतात, म्हणून बरेच जण त्यांवरच गाडी टेकवतात. ते करू नये. जांभा एका जागी भार आला की सूचना न देता फुटतो, आणि खाली माणूस असतो.

बॅटरीची तार सुटली, गिअर ऑइल काढलं. आता खरी मेहनत, आणि ती क्लचची नाही, खाऱ्या वाऱ्याची. गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा पत्रा काढायचा, तर त्याचे स्क्रू गंजून एकजीव झालेले. आदल्या रात्रीच त्यांवर डिझेल सोडून ठेवलं होतं, तरी दोन मोडलेच. मग पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे जोर नेणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट. काढण्याआधी जोडावर रंगाची खूण, म्हणजे ते होते तसेच परत बसतात.

जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे त्या छोट्या दांड्याची गिअरपेटी, गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने जोडलेली असते. ही मांडणी विलिसची. १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली, तिचा वारसा इथवर पोचलाय. त्यामुळे दोन्ही ओझी एकदमच खाली येतात. मारुतीच्या जिप्सीत तसं नाही. तिची ट्रान्सफर केस वेगळी टांगलेली, मध्ये एक छोटा शाफ्ट. तो काढला की गिअरबॉक्स एकटाच उतरतो. जिप्सीवाले या बाबतीत सुखी.

इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक, मगच गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, म्हणजे मधला क्रॉस मेंबर सुटला. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. क्लच प्लेटमध्ये शिरलेल्या त्याच्या शाफ्टवर लोंबकळू दिला तर प्लेट वाकते.

(दृश्य: क्लचवरचं कवच, बेल हाऊसिंग, उघडं. काळी धूळ.)

ही धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. मेस्त्री ओल्या फडक्याने पुसून घेतात. तोंडाला रुमाल बांधतात, पण त्याने ही बारीक धूळ अडत नाही.

प्लेट रिव्हेटपर्यंत खाल्लेली. फ्लायव्हीलवर निळसर डाग, म्हणजे तापलेली. तडा नाही, म्हणून ती लेथवर गेली. मागच्या ऑइल सीलला पाझर दिसला. सील स्वस्त आहे, तिथपर्यंत पोचणं महाग, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, पेडल दाबलं की तिला टेकून पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग आणि सील सगळं एकदमच नवं.

नवी प्लेट मधोमध बसवायला भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट कामी येतो. तो प्लेटमधून पायलट बुशमध्ये, म्हणजे शाफ्टचं टोक धरणाऱ्या मधल्या बुशमध्ये खुपसायचा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. शाफ्टच्या खाचांना ग्रीस बोटावर येईल एवढंच. जास्त झालं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं.

(दृश्य: मेस्त्री हाताने क्लच पेडल दाबून बघतात.)

शेवटी पेडलची ढील. वरचा साधारण इंचभर प्रवास मोकळा हवा. लायनिंग झिजतं तशी ही ढील कमी होते. ती संपली की रिलीज बेअरिंग सतत टेकलेलं राहतं, पकड सैल पडते आणि नवी प्लेटही घसरायला लागते. म्हणून मालकाला थोडं चालवून पुन्हा दाखवायला सांगितलंय.

आणि एक पावसाळ्याचं. गाडी चार महिने ओल्या हवेत नुसती उभी राहिली, तर गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि पेडल दाबूनही गिअर पडत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा स्टार्ट करा, क्लच दाबा, अंगणात पुढे-मागे करा. तेवढ्यासाठी छोटा दांडाही लावून बघा. तोही गंजतो.