आठच्या ओव्हरला काय ठरतं

[दृश्य: सर्वसाधारण वॉर्ड, सकाळचे पावणेआठ. रात्रपाळीच्या सिस्टर केस पेपर घेऊन पहिल्या कॉटपाशी उभ्या आहेत.]

तीस कॉटांचा वॉर्ड. रात्रपाळी संपत आलीय, सकाळची माणसं येतायत. पुढच्या अर्ध्या तासात तीस रुग्णांची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. दवाखान्यात याला 'ओव्हर देणं' म्हणतात. कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाला रक्त चढवायचंय, कुणाला उपाशी ठेवायचंय, सगळं याच वेळात सांगायचं. इथं जे सुटतं, ते बऱ्याचदा दुपारच्या ओव्हरपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दवाखान्यातलं असं मिळून करायचं काम शिकवणारं पदवीनंतरचं शिक्षण कसं असतं, ते पाहू.

[दृश्य: सीपीआरचा दरवाजा, बाहेर गावागावांतून आलेले नातेवाईक.]

कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयाला, जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतून रुग्ण येतात. घाट चढून कोकणातून येतात, सीमेपलीकडून कर्नाटकातूनही येतात. शिवाय शहरातली खासगी रुग्णालयं वेगळीच. यांतल्या कुठल्याही एका कॉटभोवती दिवसभरात किती माणसं येऊन जातात ते मोजा. सर्जन, भूलतज्ज्ञ, निवासी डॉक्टर, तीन पाळ्यांच्या सिस्टर, लॅबचे तंत्रज्ञ, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, स्ट्रेचर ओढणारे मामा, कॉट पुसणाऱ्या मावशी, सरकारी आरोग्य योजनेचे कागद बघणारे आरोग्यमित्र. प्रत्येक जण आपलं काम वेगळ्या कॉलेजात, वेगळ्या पुस्तकांतून शिकलाय. एकत्र काम कसं करायचं, हे मात्र यांतल्या बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं.

आणि एक दिवस सेवाज्येष्ठतेनं बढती येते. चांगला सर्जन विभागप्रमुख होतो, अनुभवी सिस्टर इन्चार्ज होतात. हातात कपाटाची किल्ली आणि ड्युटी लिस्टची वही पडते. टाके उत्तम घालता येतात म्हणून वीस माणसांच्या पाळ्या लावता येतीलच, असं धरून चालणं रुग्णांवर अन्याय करणारं आहे. हे काम वेगळं आहे आणि ते शिकावं लागतं.

[दृश्य: वर्ग. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट एकाच बाकावर.]

पदवीनंतरचं हे शिक्षण घेण्याच्या वाटा अनेक आहेत. एमबीबीएस झालेल्यांसाठी रुग्णालय प्रशासनात तीन वर्षांची एमडी. इतर पदवीधरांसाठी दोन वर्षांची एमएचए, म्हणजे रुग्णालय प्रशासनातली पदव्युत्तर पदवी, किंवा रुग्णालय व्यवस्थापनातलं एमबीए. परिचारिकांसाठी दोन वर्षांचं एमएस्सी नर्सिंग, त्यात परिचर्या व्यवस्थापन हा विषय असतोच. नोकरी सोडणं शक्य नाही त्यांच्यासाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची रुग्णालय आणि आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका, किमान एक वर्षाची. नावं वेगळी असली तरी गाभा सारखाच: माणसं, वेळ, निरोप आणि आकडे.

सुरुवात निरोपापासून.

[आवाज: फोनची रिंग. पहाटेचे चार.]

"सर, सात नंबरचं पेशंट बरं दिसंना झालंय."

"बरं, बघतो."

फोन संपला. सिस्टरनी कळवलं, डॉक्टरांनी ऐकलं, आणि रुग्णासाठी काहीच घडलं नाही. 'बरं दिसंना' म्हणजे किती? 'बघतो' म्हणजे कधी? आता हाच फोन पुन्हा ऐका.

"सर, सर्जरी वॉर्डातून सिस्टर बोलतेय. सात नंबरच्या पेशंटचा बीपी ९० बाय ६० झालाय, पल्स १२४. काल दुपारी आतड्याचं ऑपरेशन झालंय, रात्री बाराला बीपी १२० बाय ८० होता. गेल्या दोन तासांत लघवी फक्त २० एमएल. पोट घट्ट लागतंय, आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही दहा मिनिटांत येऊन बघा. तोवर सलाईन वाढवू का, आणि क्रॉसमॅचला रक्त पाठवू का?"

(क्रॉसमॅच म्हणजे चढवायचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते आधी पाहणं.) अशा बोलण्याला एसबार म्हणतात. अमेरिकी नौदलातून आरोग्यसेवेत आलेली ही पद्धत. चार पायऱ्या: आत्ता काय होतंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, आणि मला काय हवंय. पहिल्या दोन पायऱ्या लोक लवकर शिकतात. अडतं ते तिसरीवर. डॉक्टरांसमोर 'मला असं वाटतं' म्हणायला सिस्टरची जीभ रेटत नाही, कारण एकदा कुणीतरी 'डॉक्टर मी आहे की तुम्ही?' असं ऐकवलेलं असतं. म्हणून वर्गात भूमिका उलट्या करतात. डॉक्टर सिस्टर होतो, सिस्टर डॉक्टर होतात, आणि खोटा फोन लावून सराव चालतो. पलीकडच्या माणसानं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, हा सरावाचा शेवटचा भाग: "सलाईन वाढवा, रक्त पाठवा, मी दहा मिनिटांत येतो." हे परत म्हणणं गाळलं की औषधाचा डोस पाचचा पन्नास होऊ शकतो.

ही पद्धत बिघडते ती साध्या कारणानं. रुग्णालयाची तपासणी जवळ आली की एसबारचा छापील फॉर्म येतो आणि ओव्हर झाल्यावर तो सवडीनं भरला जातो. फॉर्म फायलीत लागतो, फोनवरचं बोलणं जुनंच राहतं.

[दृश्य: पुन्हा वॉर्ड. सिस्टर सरळ दहा नंबरच्या कॉटकडे जातात.]

ओव्हरचंही तसंच. लहान मुलांच्या विभागातल्या निवासी डॉक्टरांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेतली नऊ रुग्णालयं. ठरावीक क्रमानं ओव्हर द्यायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी. आणि एका रुग्णामागे लागणारा वेळ? पूर्वीइतकाच, सुमारे अडीच मिनिटं.

आपल्या वॉर्डात तीस रुग्णांना अडीच मिनिटं म्हणजे ७५ मिनिटं झाली. तेवढा वेळ कुठल्याच पाळीला मिळणार नाही. म्हणून कॉट नंबरच्या क्रमानं ओव्हर द्यायची सवय आधी मोडावी लागते. पहिल्या कॉटवरच्या बऱ्या होत आलेल्या रुग्णाला तीन मिनिटं जातात आणि अठ्ठावीस नंबरला पोचेपर्यंत सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे लागतात. गंभीर पाच-सहा रुग्ण आधी, कॉटपाशी उभं राहून, पूर्ण सांगायचे. 'रात्री ताप १०२ च्या वर गेला तर काय करायचं' हेही तिथंच सांगायचं. बाकीच्यांचं एका ओळीत भागतं. मोबाइल खिशात आणि मध्ये येणाऱ्या नातेवाइकांशी बोलायला एक माणूस वेगळा, एवढं केलं तरी ओव्हर अर्ध्या तासात बसते.

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. भिंतीवर यादी.]

शस्त्रक्रियागृहातली जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा-तपासणीची यादी १९ मुद्द्यांची आहे. तीनदा थांबायचं: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ साली निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत यादी लागू झाली आणि २०१४ च्या अहवालात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. यादी तीच होती. जिथं सर्जन हातातलं काम थांबवून सिस्टरचं ऐकतो तिथं ती उपयोगी पडते. जिथं टाके घालता घालता कुणीतरी सगळ्या चौकटींत टिक करून टाकतं, तिथं ती भिंतीवरच राहते. आमच्या मते हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचणं, हा या शिक्षणातला सर्वांत मोलाचा तास आहे.

[दृश्य: ड्युटी लिस्टची वही, खोडाखोड.]

आता माणसांची मोजणी. इथं बहुतेक वॉर्ड फसतात, म्हणून जरा सावकाश.

समजा प्रत्येक पाळीत सहा रुग्णांमागे एक सिस्टर हवी. तीस कॉटांना पाच. तीन पाळ्या, म्हणून पाच त्रिक पंधरा. बहुतेक मागणीपत्रांत हाच आकडा जातो आणि तो चुकीचा आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. किरकोळ रजा, हक्काची रजा, सणाच्या सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण असे मिळून ४५ दिवस धरा. उरतात २६८. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर वर्षाला १,०९५ पाळ्या लागतात. त्याला २६८ नं भागा: चारपेक्षा थोडं जास्त. पाच जागांसाठी एकवीस माणसं. रात्रपाळीनंतरची सुट्टी वेगळी धरली तर आणखी. पंधरा जणींवर वॉर्ड चालत असेल तर सहा जणींचं काम डबल ड्युटीतून आणि कापलेल्या रजांतून निघतंय. प्रसूतिरजा तर यात धरलेलीच नाही.

आकडा कळला म्हणून माणसं लगेच मिळत नाहीत, हे खरं. पण 'स्टाफ कमी आहे' या तक्रारीऐवजी भागाकारासकट लिहिलेलं मागणीपत्र पुढे गेलं, तर त्यावर निदान उत्तर द्यावं लागतं.

मिळालेल्या माणसांत लिस्ट लावायचीही रीत आहे. प्रत्येक पाळीत क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) हाताळू शकणारी, व्हेंटिलेटर कळणारी एक तरी सिस्टर हवी. तिघी नवख्या एकाच रात्री येणं हा योगायोग नसतो, तो लिस्ट लावणाऱ्याचा दोष असतो. संध्याकाळची पाळी करून दुसऱ्या दिवशी लगेच सकाळची लावायची नाही. लिस्ट पंधरा दिवस आधी लावायची. जोतिबाची चैत्र यात्रा, गौरी-गणपती, दिवाळी यांच्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत मागवायच्या आणि गेल्या वर्षी गणपतीत ड्युटी केलेल्यांना यंदा आधी द्यायच्या. अदलाबदल दोघींच्या सहीनंच. वॉर्डातली निम्मी भांडणं या चार नियमांत मिटतात. मामा-मावशींचीही लिस्ट इतक्याच काळजीनं लावायची. स्ट्रेचर नसल्यानं सीटी स्कॅनचा नंबर गेला की सगळ्यांचंच काम थांबतं.

[दृश्य: डिस्चार्जच्या रांगेत बसलेलं वयस्क जोडपं.]

डिस्चार्जचा अभ्यास विद्यार्थी घड्याळ घेऊन करतात. राउंडला दहा वाजता 'आज घरी सोडा' म्हणतात. त्यानंतर डिस्चार्ज कार्ड कधी लिहिलं, उरलेली औषधं परत कधी गेली, बिल कधी निघालं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद आणि फोटो कधी पूर्ण झाले, प्रत्येक पायरीची वेळ टिपायची. प्रत्यक्ष काम थोड्या मिनिटांचं असतं, उरलेला वेळ फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून असते. संध्याकाळी कागद हातात आला तर शंभरेक किलोमीटरवरच्या चंदगडच्या माणसाला एसटी मिळत नाही. तो आणखी एक रात्र राहतो आणि कॅज्युअल्टीतला रुग्ण कॉटसाठी ताटकळतो. उपाय साधा आहे: उद्या कुणाला सोडायचं हे आदल्या संध्याकाळीच ठरवायचं, कार्ड तेव्हाच लिहायला घ्यायचं.

[दृश्य: राजाराम बंधारा, पावसाळा.]

कोल्हापुरात शिकणाऱ्याला पुराचा धडा वेगळा घ्यावाच लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला नदी त्याच्या कितीतरी वर गेली, महामार्ग बंद पडला. अशा वेळी शिरोळ, हातकणंगल्याकडून येणारा स्टाफ पोचू शकत नाही. म्हणून कोण कुठं राहतं आणि कुणाचा रस्ता आधी बुडतो, याची यादी जूनच्या आधी तयार हवी. पाणी इशारा पातळीला आलं की पुढच्या दोन पाळ्यांची माणसं आवारातच मुक्कामाला ठेवायची, त्यांच्या जेवणाची आणि झोपायची सोय करून.

मग हिशेब. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. असे दहा रुग्ण असतील तर दिवसाला एकवीस सिलिंडर. डायलिसिसला मिनिटाला ५०० एमएल द्रव लागतो, चार तासांत १२० लिटर, आणि त्यासाठीचं पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन वाया घालवतं ते पाणी वेगळं. शहराचा पाणीपुरवठा थांबला की टाकीतल्या पाण्यात किती जणांचं डायलिसिस होईल, हे आधीच काढून ठेवायचं आणि त्यानुसार रुग्णांना पूर चढण्याआधीच दुसऱ्या केंद्रात पाठवायचं. जनरेटर तळघरात असेल तर ही सगळी आखणी फुकट, म्हणून पहिली पाहणी तिथली.

[दृश्य: विद्यार्थी वॉर्डात नोंदी करताना.]

प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा चार गोष्टी विचारा. वॉर्डात प्रत्यक्ष किती आठवडे काम करायचंय? डॉक्टर आणि परिचारिका एकाच वर्गात बसतात का? शिकवणाऱ्यांत रुग्णालय चालवलेलं कोणी आहे का? आणि प्रकल्पात नुसतं सर्वेक्षण करून अहवाल बांधायचाय, की एक गोष्ट बदलून तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचीय? डिस्चार्जचा वेळ आधी पाच तास होता आणि बदलानंतर पहिल्या आठवड्यात तीन झाला, एवढ्यावर प्रकल्प संपवू देणारा मार्गदर्शक टाळावा. विद्यार्थी निघून गेल्यावर वॉर्डातल्या माणसांनी तो वेळ टिकवला का, ते तिसऱ्या महिन्याच्या मोजणीतच कळतं.