पेन्सिल सेल बोर्डावर नकोतच

मघाशी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "अहो, सेल बदलायचा तर त्यावर व्याख्यान कशाला?" प्रश्न रास्त आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल आपण स्टुलावर चढून दोन मिनिटांत बदलतो. तो पाझरला तर फार तर घड्याळ जातं. पिनबॉलमध्ये, म्हणजे काचेखाली चेंडू टोलवत गुण मिळवायच्या मशीनमध्ये, तो पाझरतो तेव्हा खाली मशीनचा मेंदू असतो: चिप बसवलेला सर्किट बोर्ड.

हे सेल तिथे आले कसे ते आधी सांगते. बॅली, विल्यम्स, गॉटलीब, तिन्ही कंपन्या आपल्या या शिकागोतल्याच. 1977 च्या सुमारास त्यांनी रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, आणि गुण दाखवणारी आकड्यांची फिरती चाकं काढून मायक्रोप्रोसेसर बसवायला सुरुवात केली. चाकं वीज गेली तरी जागची हलत नसत. मेमरी मात्र वीज गेली की कोरी. त्या काळातली 5101 ही मेमरी चिप बघा: 256 खण, एका खणात चार बिट, म्हणजे जेमतेम एक आकडा. उच्चांक, पडलेली नाणी, झालेले खेळ, एका खेळाला चेंडू किती द्यायचे, सगळा संसार तेवढ्यात. तो जपायला वीज नखभर लागते, म्हणून सेल. विल्यम्सने तीन पेन्सिल सेल लावले, बॅलीने 3.6 व्होल्टची, पुन्हा चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी थेट बोर्डावर सोल्डर केली, आणि तीही मायक्रोप्रोसेसरला सुरू करून देणाऱ्या रीसेट सर्किटच्या शेजारी! मशीन सुरूच झालं नाही तर बॅलीवाले आधी तिथेच बघतात, ते उगाच नाही.

माझं मशीन विल्यम्सचं, नव्वदच्या दशकातलं. चालू केलं की नारिंगी ठिपक्यांत अक्षरं यायची, 'फॅक्टरी सेटिंग्ज रीस्टोअर्ड'. सेल संपल्याची ही खूण. मला कळत होतं, आणि मी वर्षभर आळस केला. मग एक दिवस टार्गेटची एक अख्खी ओळ चेंडू आपटला तरी ढिम्म. मशीनच्या डोक्यावरची पेटी उघडली. बोर्ड तिथे उभा टांगलेला असतो, त्यामुळे सेलमधून जे सुटतं ते ओघळतच खाली येतं. होल्डरच्या स्प्रिंगवर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं आणि त्याखाली चिपचे पाय हिरवे. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं ना, तोच हिरवा.

सुटतं ते ॲसिड नव्हे, अल्कली आहे: पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते नुसतं ओघळत नाही, सरपटतं. ऋण टोकाच्या वायरीत प्लॅस्टिकच्या आतून वर चढतं. मी वायर सोलली तर आतलं तांबं काळं, बाहेरून वायर नवीकोरी. म्हणून "वरून पुसलं, झालं" असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते.

साफसफाईची रीत अशी. बोर्ड काढा, होल्डर आणि हिरवे पडलेले भाग उपटून टाका, दया नको. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन ब्रशने घासा. आंबटाने अल्कली मारायची. मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. काळपट तांबं चकाकेपर्यंत घासल्याशिवाय त्यावर सोल्डर धरत नाही. कल्हईवाला भांडं आधी घासतो ते याच कारणासाठी.

आता माझं मत. "दरवर्षी सेल बदला" हा सल्ला मला पटत नाही. आपण विसरतोच. सेल बोर्डावर ठेवूच नयेत. सोपा मार्ग म्हणजे होल्डर वायरीने बाहेर काढून बोर्डाच्या खालच्या पातळीवर बसवायचा, आणि त्यात लिथियमचे पेन्सिल सेल घालायचे. ते क्वचितच पाझरतात. विल्यम्सच्या बोर्डावर उलटा प्रवाह अडवणारा डायोड असतो, तो तपासून घ्या. बॅलीच्या बोर्डावर बॅटरी चार्ज करण्याची सोय मुद्दाम ठेवली आहे. तिथे साधे सेल लावलेत तर बोर्ड त्यांनाच चार्ज करू बघेल, म्हणून वायरीत आपला एक डायोड घालावाच लागतो.

कामाआधी सेटिंग्जच्या पानांचे फोनवर फोटो काढा आणि मशीन बंद करा. मेमरी टिकावी म्हणून चालू मशीनमध्ये सेल बदलणारे आहेत. पण त्या पेटीत डिस्प्लेसाठी शंभरावर व्होल्ट फिरत असतात, आणि हातातून निसटलेला सेल चालू बोर्डावर पडला तर उच्चांक वाचवण्याच्या नादात बोर्ड गमवाल.

दुसरा मार्ग कायमचा: मेमरी चिपच बदलायची. वीज नसतानाही लक्षात ठेवणाऱ्या चिप मिळतात. माझ्यासारख्या मशीनमध्ये जुन्या चिपचे अठ्ठावीस पाय सोडवून सॉकेट बसवायचं आणि सेलचा विषय संपवायचा. हात बसलेला नसेल तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्या. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा पापुद्र्यासारख्या सुटून येतात.

या मार्गात एक खोट आहे. नव्वदच्या दशकातल्या विल्यम्सच्या मशीनमध्ये घड्याळही असतं आणि तेही याच सेलवर चालतं. चिप बदलली की उच्चांक राहतो, वेळ जाते. काही मशीन मध्यरात्री बाराला एक खास खेळ सुरू करतात. तो मुलांना हवा असतो, म्हणून आमच्याकडे अजून सेलच आहेत. होल्डर पेटीच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या डबीत आहे आणि डबीवर तारीख लिहिलेली आहे.