शेजारच्या काकूंचं मांजर

(दृश्य: सकाळ. मिरजेतली गल्ली. दवाखान्याचं शटर वर जातं.)

ही मिरज. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, आणि तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातली नि उत्तर कर्नाटकातली माणसं आजारपण घेऊन या गावात येत आली आहेत.

या गल्लीतला हा दवाखाना नवरा-बायको दोघं चालवतात. वडील सर्जन, आई भूलतज्ज्ञ. दारावरची पाटी जरा थांबून बघा. दोन नावं आहेत आणि त्यांच्याखाली एका नावापुरती जागा मोकळी. पेंटरला तसं सांगूनच करून घेतली होती. मुलगी तेव्हा चौथीत होती.

(दृश्य: जिना. वरची खोली. पांढरा फळा.)

ही तिची खोली. फळा तिनं अजून पुसलेला नाही. निळ्या शाईत वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, अपाय न करणं, न्याय. शेजारी लाल शाईत चार विद्यापीठं. चारच, कारण ब्रिटनच्या अर्जात पाच पर्याय भरता येतात, पण त्यातले मेडिसिनचे चारच. त्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. म्हणजे इथं बारावीची सहामाही चालू असते आणि तिकडचा अर्ज गेलेला असतो.

त्याआधी यूकॅट, म्हणजे ब्रिटनमधल्या मेडिकल प्रवेशाची चाचणी. ही परीक्षा वर्षातून एकदाच देता येते. तिनं ती २०२४ मध्ये दिली, तेव्हा उतारे वाचून उत्तरं द्यायच्या भागात २१ मिनिटांत ४४ प्रश्न होते. प्रश्नाला अर्धं मिनिटसुद्धा मिळत नाही. टेबलावरचा हा टायमर स्वयंपाकघरातला आहे. आज्जी सांगते, त्या उन्हाळ्यात घरातला भात दोनदा करपला, कारण टायमर वरच असायचा.

(दृश्य: मोबाइल दोन पुस्तकांना टेकवून उभा केलेला. ती समोर बसते, ओढणी सारखी करते.)

मग मुलाखती. एकच लांबलचक मुलाखत नसते. आठ-दहा छोटे टप्पे असतात, प्रत्येकाला पाच-सात मिनिटं. एका टप्प्यात विचारतात, डॉक्टर का व्हायचंय. दुसऱ्यात एखादा आलेख समजावून सांगायचा. तिसऱ्यात समोर एक अनोळखी माणूस, आणि तुम्हाला अभिनय करायचा असतो. सरावाच्या वह्यांमध्ये हमखास सापडणारा एक प्रसंग असा: शेजाऱ्यांचं मांजर तुमच्या गाडीखाली आलंय, जाऊन त्यांना सांगा. तिला हाच आला. तिकडे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. ओपीडी बंद ठेवली होती, खाली कंपाउंडर दारात उभा होता, कुणी बेल वाजवू नये म्हणून.

आता एक हिशेब सांगायला हवा, कारण तो घराघरांत कुणीच सांगत नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टर घडवण्याच्या खर्चाचा मोठा भार सरकार उचलतं, म्हणून जागाही सरकारच ठरवतं. त्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण साडेसात टक्के. दोनशे जागांचं कॉलेज धरा. पंधरा. या पंधरांत सिंगापूर, हाँगकाँग, दुबई, नैरोबी, मुंबई, दिल्ली आणि मिरज. नकाराच्या पत्रात हा आकडा नसतो. त्यामुळे वाचणाऱ्या पोराला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर. भिंतीवर २०२५ चं कॅलेंडर. आईचा हात मागची पानं उलटतो.)

जानेवारीत एक फुली, म्हणजे एक नकार. फेब्रुवारीत दोन. मार्चमध्ये एक. ते दिवस आमच्या कॅमेऱ्यात नाहीत, आम्ही मिरजेला पोचलो ते ऑगस्टमध्ये. फुल्या मुलीनंच मारल्यात, पेन्सिलीनं, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. पाचवा पर्याय बायोमेडिकलचा होता, तिथून होकार आला. तो सोडून दिला.

(दृश्य: तिचा मोबाइल. संपर्कयादी वर सरकत जाते.)

चौथा नकार आला त्याच आठवड्यात परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांचे फोन सुरू झाले. हे नंबर तिनं सेव्ह करून ठेवलेत: ‘उचलू नये १’, ‘उचलू नये २’. यादी ‘उचलू नये ११’ पर्यंत जाते. त्यातला एकजण घरी येऊन बसला होता. दुसऱ्या एका देशातली जागा, शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर हातची जाईल. वडिलांनी चेकबुक बाहेर काढलं होतं. ते हे कॅमेऱ्यासमोर सांगतात, याचं आम्हाला फार मोल वाटतं.

चेक का फाटला नाही? आईनं नियम वाचायला घेतले म्हणून. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजीतून हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या पदवीवर त्या देशातच प्रॅक्टिस करायचा परवाना मिळायला हवा. परत आल्यावर इथली स्क्रीनिंग परीक्षा, ३०० पैकी १५० गुण, आणि पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. शिवाय ‘नीट’ ही आपली मेडिकलची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण असल्याशिवाय हा रस्ताच उघडत नाही. आईनं त्या माणसाला एकेक अट विचारली. तिसऱ्या अटीला त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

आम्ही हा माहितीपट केला तो एवढ्यासाठीच. ज्या आठवड्यात नकार येतो, त्या आठवड्यात कुठल्याही देशाचे पैसे भरू नका. घाबरलेल्या घराला सही करायची घाई असते, आणि सही मागणाऱ्याला ते नेमकं माहीत असतं.

(दृश्य: जेवणाचं टेबल. एक छापील कागद.)

हा कागद एप्रिलमधला आहे. तिनं चारही ठिकाणी विचारणा केली होती, माझं कुठं चुकलं? एका विद्यापीठानं टप्प्याटप्प्याचे गुण कळवले. आलेखाला चांगले आहेत. नीतीच्या प्रश्नाला चांगले आहेत. सगळ्यात कमी मांजराला.

मग आईनं तिला तो प्रसंग इथंच करून दाखवायला लावला. ही बाई गेली वीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन नातेवाइकांना बातम्या देते, चांगल्या आणि वाईट. तिनं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू काकूंना रडूच दिलं नाहीस गं.” हे बोलून ती स्वतःच गप्प झाली. चौथा नकार आला त्या रात्री, मेल वाचून पाच मिनिटं झाली नसतील, “नीट आहेच की!” असं या घरात तीच म्हणाली होती.

नीट मे महिन्यात झाली. सरकारी जागेपुरते गुण आले नाहीत. आता ती वर्षभर थांबून पुन्हा देणार आहे. पाटी तशीच आहे.

(दृश्य: तेच टेबल, संध्याकाळ. आई आणि मुलगी समोरासमोर.)

आम्ही दोघींना विचारलं, तो प्रसंग एकदा आमच्यासाठी कराल का?

आई शेजारच्या काकू होते. मुलगी दाराबाहेर जाते, दार वाजवते, आत येते. “काकू, बसा जरा. तुमची मनी माझ्या गाडीखाली आली. गेली ती.”

मुलाखतीत यापुढं ती थांबलीच नव्हती. डॉक्टरकडे नेते, खड्डा मी खणते, दुसरं पिल्लू आणून देते.

पुढची चाळीस सेकंदं आम्ही कापलेली नाहीत.