कार्ल्सबर्ग: बिअरचा धंदा आणि उघडी प्रयोगशाळा

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, कार्ल्सबर्ग या जागतिक बिअर कंपनीचा इतिहास आणि व्यवसाय असा आजचा विषय जाहीर झाला आहे; परंतु सांगलीत तो मांडताना मातीच्या अहवालापासूनच सुरुवात केली पाहिजे. मिरज, पलूस, वाळव्याकडे ज्यांच्या जमिनी क्षारपड झाल्या, त्यांना सामूचा, म्हणजे मातीची आम्लता-अल्कता दाखवणाऱ्या पीएचचा, आकडा तोंडपाठ असतो. सामूचे हे मोजमाप रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली मांडले, ते कोपनहेगनला, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत. नत्र मोजण्याची केल्डाल पद्धतही १८८३ साली तिथेच निघाली; बार्लीतली प्रथिने नत्रावरून मोजण्याची बिअर करणाऱ्यांना गरज होती.

जे. सी. याकोबसेन यांनी १८४७ साली बिअरचा कारखाना काढून त्याला आपल्या मुलाचे, कार्लचे, नाव दिले. त्याआधी त्यांनी म्युनिकहून यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारे सूक्ष्मजीव, आणले, तेव्हा ते तापून मरू नये म्हणून घोडागाडीच्या प्रत्येक थांब्यावर डब्यावर गार पाणी ओतले, अशी हकीकत सांगतात. पुढे कारखान्याची बिअर बिघडू लागली. प्रयोगशाळेतले एमिल हान्सेन यांनी रानटी यीस्टची भेसळ हे कारण शोधले आणि १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. याकोबसेन यांनी ते यीस्ट कुलपात ठेवले नाही, इतर कारखानदारांना देऊन टाकले. प्रयोगशाळेतला कोणताही निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही, असा नियमच त्यांनी लिहून ठेवला होता.

मी इथे जरा रेंगाळतो, कारण हे मला मनापासून लागते. ज्या आसवनीत, म्हणजे मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यात, मी रसायनतज्ज्ञ होतो, तिथे मळीचे आंबवण बिघडले की नवे यीस्ट मागवले जाई. ते का बिघडले याची टिपणे मी काढत असे, पण ती शेजारच्या कारखान्याला दाखवण्याची मला मनाई होती. त्याच हंगामात शेजारीही त्याच दुखण्याने हैराण असे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा व्यवसायाचे थोडक्यात सांगतो. १८७६ साली याकोबसेन यांनी कार्ल्सबर्ग फाउंडेशन स्थापन केले आणि पुढे कारखाना त्याच्याच हाती दिला. भागधारकांच्या मतांमध्ये आजही फाउंडेशनचेच बहुमत आहे आणि त्याच्या उत्पन्नातून विज्ञानाला पैसा जातो. १९७० साली टुबोर्ग ही डेन्मार्कमधलीच बिअर कंपनी कार्ल्सबर्गमध्ये विलीन झाली. २००८ साली कार्ल्सबर्गने हायनेकेन या डच कंपनीबरोबर स्कॉटिश अँड न्यूकॅसल ही ब्रिटिश बिअर कंपनी विकत घेतली आणि रशियातल्या बाल्टिका या बिअर कंपनीचे नियंत्रण कार्ल्सबर्गकडे आले. तीच बाल्टिका २०२३ साली रशियन सरकारने ताब्यात घेतली. एवढे धक्के पचवूनही संशोधनाचा खर्च चालू राहतो, तो मालकीच्या या रचनेमुळे, असे माझे मत आहे.

आपल्या सहकारी साखर कारखान्यांनीही १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला सामाईक संशोधन संस्था उभारली. तिला पुढे वसंतदादांचे नाव मिळाले. म्हणजे वाट आपल्याला अनोळखी नाही. जिल्ह्यातल्या आसवन्यांनी आंबवणाच्या आणि यीस्टच्या नोंदी एकमेकांना खुल्या कराव्यात, एवढीच माझी मागणी आहे, आणि येत्या गळीत हंगामापासून ते सुरू करता येईल.