एकविसावा रकाना

नमस्कार श्रोतेहो.

"सर्व्हर डाउन झाल्याने सेवा ठप्प." आठवड्यातून एकदा तरी ही बातमी कानावर पडतेच. कधी बँक, कधी विमानतळ. दुसऱ्या दिवशी "सेवा पूर्ववत" म्हणून विषय संपतो. पण एकाचं बिघडलं की शेकडो ठिकाणचं एकदम का बिघडतं, हे कळायला हवं, आणि त्यासाठी 19 जुलै 2024 च्या शुक्रवारची हकीगत ऐकायलाच हवी.

क्राउडस्ट्राइक ही संगणकांना सायबर हल्ल्यांपासून वाचवणारी कंपनी. तिचं फाल्कन हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतं. हल्ल्यांचे नवे प्रकार ओळखता यावेत म्हणून त्याला वरचेवर छोट्या फायली पाठवल्या जातात. त्या दिवशी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे 4 वाजून 9 मिनिटांनी 291 क्रमांकाच्या फाइलची नवी आवृत्ती गेली.

गोम अशी होती. फाइलच्या नमुन्यात रकाने 21, आणि संगणकावरचा कोड माहिती पुरवत होता 20 रकान्यांचीच. आधीच्या आवृत्त्यांत एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" अशी खूण असे, म्हणून तो कधी तपासलाच जात नव्हता. चूक कित्येक महिने तिथेच होती. फायली पाठवण्याआधी तपासणारा प्रोग्रॅमही होता, पण त्यानेही 21 रकान्यांची माहिती मिळेल असंच गृहीत धरलेलं. त्या शुक्रवारी पहिल्यांदा एकविसावा रकाना खरोखर वाचायची वेळ आली. तिथे काही नव्हतंच. प्रोग्रॅमचा हात मेमरीत भलतीकडेच पडला.

साधा प्रोग्रॅम असा चुकला तर तेवढाच बंद पडतो. कर्नलमधला चुकला, की अख्खा संगणक बसतो. पडदा निळा. पुन्हा सुरू करा, पुन्हा तीच फाइल, पुन्हा निळा पडदा.

5 वाजून 27 मिनिटांनी फाइल मागे घेतली. 78 मिनिटं, श्रोतेहो, फक्त 78 मिनिटं. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, 85 लाख संगणक आडवे झाले. जगातल्या विंडोज संगणकांपैकी हे एक टक्काही नाहीत, पण ते होते विमान कंपन्यांत, बँकांत, रुग्णालयांत. आणि बंद पडलेल्या संगणकापर्यंत दुरुस्ती इंटरनेटवरून पोचेना. बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका मशीनपाशी जायचं, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गरजेच्या गोष्टींवर, चालू करायचं, ती एक फाइल शोधून काढून टाकायची. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधल्या डिजिटल कुलपाने, बंद असेल तर त्याआधी ते उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की टाकायची. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीची सुमारे 7,000 उड्डाणं पाच दिवसांत रद्द झाली, कारण कुठला वैमानिक कुठे आहे याचा हिशोब ठेवणारी यंत्रणा मागे पडली होती.



माझं ठाम मत आहे, की ही फाइल सगळ्यांना एकाच वेळी पाठवणं ही मोठी चूक होती, रकान्याच्या चुकीहून मोठी. आधी मोजक्या मशीनवर पाठवा, थांबा, मग वाढवा. क्राउडस्ट्राइकने या प्रकारानंतर टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली, आणि अशा फायली कधी घ्यायच्या हे ठरवायची मुभा ग्राहकांना दिली. मोठ्या सार्वजनिक सेवांच्या करारांत सरकारांनी ही अट घालायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या कार्यालयात संगणकांची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा. अपडेट आधी किती मशीनवर जातं? पुढे पाठवण्याआधी किती वेळ थांबता? बिघडलं तर मागे कोण घेतं? आणि रिकव्हरी कीची यादी फक्त सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हरही निळा पडला, तर यादी बघणार कुठे? कागदावर छापून कुलपात ठेवा. एखाद्या मशीनवर ती की टाकून खरोखर चालते का पाहा. आणि संगणक बदलला, डिस्क नव्याने लॉक केली, की जुनी की निकामी होते. त्याच दिवशी यादीतला तो कागदही बदला.